बाणाखालची खिडकी

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक वयस्क भाषांतरकार आणि त्यांची मुलगी, आणि दोघांच्या मध्ये उघडा जुना लॅपटॉप.

"बाबा, हा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, सगळ्यात हलका. तुमचं मशीन म्हातारं झालंय, त्याला जड ओढवत नाही."

"मशीनबद्दलच बोलतेयस ना?"

"आणि खिडक्या टेबलावरच्या कागदांसारख्या एकावर एक राहतात. तुम्हालाच तसं हवं होतं."

"हो, पण काल अनुवादाचा अर्धा परिच्छेद प्रकाशकांच्या पत्रात उमटला, आणि ते पत्र तसंच गेलं. पुन्हा असं झालं तर पुस्तक काढून घेतील माझ्याकडून."

"यात ज्या खिडकीवर माउसचा बाण, तिच्यात अक्षरं उमटतात. बाण हललाच नाही तर कशी जातील?"

"म्हणजे चूक माझीच."

"तसं नाही म्हणत. क्लिक केल्याशिवाय खिडकी बदलणार नाही, असं करून देते. पण आत गेल्यावर डॉक्टरांना हाताच्या थरथरीचं सांगा."

"आपण रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आलोय. प्रोग्रॅम तुझा धड नाही, त्याला माझा हात काय करणार?"

"बरं. मग जुनाच परत टाकते, आत्ता, इथेच. त्यात असं होत नव्हतं ना?"

शिंपीणबाई पर्सची चेन लावता लावता थांबल्या.

"बाबा, विचारतेय मी."

"तो नको टाकूस."

"का?"

आतून भाषांतरकारांचा नंबर पुकारला गेला.

"त्यात एका क्लिकचे दोन व्हायचे. हाताचं हे होऊन वर्ष झालं. चल, आत तूच सांग. मला नाही जमायचं."