कोरा बॉल

पाथर्डीच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं दोन फुटबॉलचे कोच उभे होते. एक सावेडीच्या क्लबचा तरुण, दुसरे पाथर्डीकडच्या शाळेतले गोरक्ष सर.

“सर, दिवाळी झाली की तुमच्या निम्म्या पोरी आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मग प्रॅक्टिसचं काय?”

“जाताना परतेकीला एक बॉल देतो.”

“तो परत येतो?”

“येतो की. गुढीपाडव्याला पोरी आल्या की आदी बॉल बघतो.”

“म्हणजे जिचा जास्त झिजला, ती टीममध्ये.”

“तिची काळजीच न्हाई. जिचा कोरा आला, तिला आदी मैदानात उतरवतो.”

“पण ती तर खेळलीच नाही.”

“म्हनूनच. पाच महिने तिच्या हातात कोयता हुता.”