ठमीचा उपास

हॅलो?… कोण, नर्सबाई! ड्यूटीवरून घरी आलीस? अगं, सकाळपासून तुझ्याच फोनची वाट बघतेय. काय म्हणते आमची ठमी?… आमची नाही, तुमची. परवापासून तुमची. चुकलं माझं.

काय?… दोन दिवस? घाससुद्धा नाही? पाणी तरी पितेय ना?… हां. मग घाबरू नकोस. डॉक्टरांना दाखवलंस?… ताप नाही, पोट साफ. बरं.

हो, हो… अगं ऐक ना, नवं घर आहे, रुळायला वेळ… काय, उकडलेलं चिकन ठेवलंस तरी नाही? ठमीनं? अगं, ती माझ्याकडे आली तेव्हा हाडांचा सापळा होती, साखळीनं मान सोललेली. तरी पहिल्याच दिवशी फक्त भांडं तेवढं खायचं बाकी ठेवलं होतं!

काय म्हणाल्या सासूबाई?… "टक लावून बघते, आज ना उद्या नरडीचा घोट घेणार"? अगं, पिटबुल कुत्री म्हटलं की… हो, हो, कळतं मला. त्यांनाही त्याच घरात वावरायचंय. नाही गं, रागावले नाहीये.

परत आणून सोडतेस?… आज संध्याकाळी?

 

हे बघ, आत्ता आणलीस तर आत्ता घेईन. खोटं कशाला बोलू, सहा महिने पायाशी झोपली, परवापासून मला पलंग मोठा वाटतोय. पण माझं घर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतचा मधला थांबा गं. आधीच दोन घरांनी परत पाठवलीय तिला. तिसऱ्यांदा आली की कुत्र्यांच्या संस्थेच्या कागदावर लोक तेवढंच वाचतात. मग कोण नेणार? आणि मीच ठेवून घेतली, तर पुढची जी साखळीतून सुटेल ती कुठं टेकणार?

थांब थांब. भांडं ठेवलं की ती करते काय नेमकं?… समोर बसते… लाळ गळते… आणि तुझ्या तोंडाकडे बघते?

अरे देवा! अगं, माझंच डोकं ठिकाणावर नाही! माझ्याकडे एका वेळी तीन कुत्री जेवतात ना? भांडणं नकोत म्हणून शिस्तच आहे, नाव घेऊन "जेवून घे" म्हटल्याशिवाय कुणी तोंड घालायचं नाही. चार पानं लिहून दिली तुला. कुठल्या कुशीवर झोपते, तेसुद्धा लिहिलं! आणि हे राहिलं. रोज इतकं म्हणते की ते लिहायचं असतं हेच सुचलं नाही. दोन दिवस ती परवानगी मागतेय गं, बिचारी!

ठेव भांडं. आत्ता, फोन न ठेवता. ठेवलंस? आता म्हण, "ठमे, जेवून घे."…

नुसती शेपटी हलवली? अगं, तू तिला विचारतेयस. विचारू नको, सांग. लेकराला सांगतो तसं…

हे कोण म्हणालं? सासूबाई? बाई गं, काय खणखणीत आवाज!

…खातेय? खरंच?… फोन भांड्याजवळ धर जरा. काही बोलू नको. ऐकू दे मला.

…

काय चाटतेय लबाड, भांडं घासायला नको.

सासूबाई काय म्हणतायत?… "सावकाश गं, कुणी पळवत नाही तुझं." असं म्हणाल्या त्या?… मग संध्याकाळचं?… राहू दे म्हणाल्या? बरं. बरं. त्यांना माझा नमस्कार सांग.

रडतेय कुठं?… बरं, रडतेय.

स्पीकर? नको नको! माझा आवाज कानावर पडला तर भांडं सोडून दाराशी जाऊन बसेल. पोटभर जेवू दे तिला. येईन की भेटायला, पण महिन्याभरानं. आधी तुमची होऊ दे.

हं, ठेव आता… नाही, तूच ठेव गं. माझ्यानं ठेववत नाहीये.