देशपांडेने निवडलेला ॲक्सल

आमच्या फुनाबोरीच्या देशपांडेला तुम्ही ओळखत नाही, हे तुमचं नशीब. नोकरी इथल्या जपानी बँकेत, पण बोलतो असा की मोटारीचा शोध यानेच लावलाय. जवळच्याच उरायासुला शेड भाड्याने घेऊन या गृहस्थाने सुटे भाग जोडून घरगुती स्पोर्ट्स कार करायला घेतली आणि मागच्या चाकांचा ॲक्सल आणला चक्क मालवाहू पिकअपचा.

मी म्हटलं, "अरे, त्याचा गिअर रेशो ओझं ओढायचा आहे. इंजिन जीव खाऊन फिरेल आणि गाडी रेंगाळेल."

"तू कोड लिही," तो म्हणाला. "सुरुवातीचा जोर काय असतो, ते तुला नाही कळायचं."

गाडी झाली, रीतसर पासही झाली. पहिल्या फेरीला बायकोला, केतकीला, शेजारी बसवून साहेब एक्स्प्रेसवेवर निघाले. मी माझ्या गाडीने मागे होतो. ऐंशीला इंजिन असं किंचाळायला लागलं की मला काचा बंद करूनही ऐकू येत होतं. त्यापुढे वेग काही वाढेना. भाजीचे ट्रक याला मागे टाकून जात होते.

पुढच्या थांब्यावर केतकी उतरली आणि सरळ माझ्या गाडीत येऊन बसली. देशपांडे खिडकीशी आला.

"ॲक्सल बरोबरच आहे गं. इंजिन कमी पडतंय. मोठं बसवतो."

"काय म्हणतोस? मला अजून काही ऐकू येत नाहीये," केतकी म्हणाली. मग काच वर करून हळूच मला म्हणाली, "निघा भावोजी, नाहीतर हा पुन्हा समजावून सांगेल."