एका कार्डावर अख्खी बिल्डिंग

—छे छे, बूट राहू द्या हो, या आत, फरशी काय पुसायचीच आहे. इथे बसा, टीव्हीसमोर. कंपनीकडून आलात ना, सॅटेलाइटच्या? मग बरोबर घरी आलात. ओळखपत्र कशाला दाखवताय, तुमच्या तोंडावरच लिहिलंय. छत्री गच्चीवर आहे, टीव्हीचा डबा हा इथे. चहा घेणार? घेणारच. आधण ठेवलंच आहे — आधीच कसं म्हणजे? तुम्ही आज येणार हे मला कुठलं माहीत असायला! मी आपली दिवसभर आधण ठेवतच असते, त्यात काय एवढं.

हो, एकच कनेक्शन, माझ्याच नावावर. मुलगा लांब असतो, त्यानं सगळी चॅनेलं घेऊन दिली — म्हणाला, आई, तुला कंटाळा यायला नको. आणि ह्या फटीत ते कार्ड. ही निळी वायर होय? ती... ती अशीच आहे. शोभेची. हसू नका. बरं, हसा — नेटवर्कची आहे. आता तुम्हाला मी काय शिकवणार, पण मला समजावलं ते असं: चित्र गच्चीवरच्या छत्रीतून सगळ्यांच्याच घरी येतं, पण कुलूप लावून येतं. किल्ली ठाऊक फक्त माझ्या कार्डाला, आणि ती सारखी बदलते. मग बाकीच्यांचे डबे ह्या वायरीतून माझ्या कार्डाला विचारत बसतात — किल्ली दे, किल्ली दे — आणि हे बापडं देत बसतं. एकटं अख्खी बिल्डिंग सांभाळतंय! माझ्या कार्डाची जेवढी विचारपूस होते ना साहेब, तेवढी माझी होत नाही.

कुणी जोडून दिलं? ते नाही सांगणार. कापून काढलंत तरी नाही. बिल्डिंगमधलाच आहे, फार गुणी, हातात पक्कड घेऊनच जन्माला आलाय, तळमजल्यावर दाराला वायरमन म्हणून पाटी — अहो, पेन खाली ठेवा! पाटीचं मी उगाच म्हटलं. पाट्या काय, सगळ्यांच्याच दाराला असतात. बायको बाळंत व्हायचीय त्याची, आज-उद्या. आणि कुणाकडून दमडी घेतली नाही हो त्यानं. माझ्यासाठी केलं सगळं. माझ्या ह्या जिभेमुळे केलं.

म्हणजे असं झालं — पूर्वी सगळे माझ्याकडेच यायचे बघायला. ह्या खोलीत! पाय ठेवायला जागा नसायची. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर स्वतःची उशी घेऊन यायचे, आणि खेळाडूंना असे झापायचे जसे काही सगळे त्यांच्याच वर्गात नापास झालेत. समोरची शिंपीणबाई काज करत बसायची, पडद्याकडे एकदाही बघायची नाही, आणि मॅच संपली की विचारायची — कोण जिंकलं ग काकू? वायरमनची बायको माझ्या पलंगावर पाय वर करून. आणि मी काय करायची? कुरकुर. सोफ्याची वाट लावली मेल्यांनी, कपबश्या विसळून हात गेले, माझ्या घराची धर्मशाळा केलीत — तोंडाचा पट्टा सतत सुरू. सवय हो. माणसं घरात असली की बोलायचंच असतं असं. पण वायरमन भोळा, त्याला ते खरंच वाटलं. एक दिवस येऊन म्हणतो कसा — काकू, तुमचा त्रास कायमचा मिटवतो. मला वाटलं सोफा दुरुस्त करतोय. ह्यानं डब्यात ही वायर खोचली आणि त्या दिवसापासून जो तो आपापल्या घरी. मास्तर वरून ओरडतायत, खालून वायरमन ओरडतोय, आणि मधे मी, कप एक, बशी एक. काय म्हणणार? आभार मानले त्याचे.

घ्या, बिस्किट घ्या. बुडवा, लाजताय काय.

मग एकदा गंमत झाली. मी धूळ पुसत होते, म्हटलं ह्या कार्डालाही जरा पुसावं, म्हणून उपसून काढलं — आणि बिल्डिंगभर एकदम "आँ!" सगळ्यांचे पडदे काळे! धाडधाड जिन्यावरून पावलं, आणि बघता बघता सगळे माझ्या दारात, काकू काय केलंत, काकू काय केलंत. कार्ड लावलं परत, पण मॅच रंगात आलेली, वर कोण जाणार? बसले इथेच. चहा दोनदा झाला. मास्तरांनी पंचालासुद्धा झापलं. त्या दिवशी मला झोप अशी लागली म्हणून सांगू. मग काय, पुढच्या आठवड्यातही कार्डावर धूळ बसली. त्याच्या पुढच्याही. फार धूळ येते हो ह्या खिडकीतून. तर वायरमननं कार्डाला चिकटपट्टी लावून टाकली — काकू, आता हात लावू नका, मी पुसत जाईन. इतका मेला गुणी! मग मला दुसरं काय सुचणार? मी फोन — म्हणजे फोन केला असेल कुणीतरी तुमच्याकडे.

बाईचा आवाज होता? बिल्डिंगमध्ये बायका काय कमी आहेत? आणि फोनवरसुद्धा चहाचं विचारलं? ...बरं. मीच केला.

दंड? होऊ दे. कार्ड बंद? करा. केस — कुणावर, त्याच्यावर? अहो, त्याच्यावर कशाला! मला वाटलं तुम्ही याल, रागवाल, वायर उपटून न्याल आणि जाल. पाळणा हलायचाय त्या घरात आणि मी तिथे पोलीस धाडू? माझं नाव लिहा. कार्ड माझं, डबा माझा, फोनही माझाच. न्या मला. तिथे निदान चार माणसं तरी असतील बोलायला. एकटीनं टीव्ही बघवत नाही हो मला. एवढंच आहे ते सगळं.

डोळ्यांत काही नाही, चहाची वाफ गेली. तुम्ही का उठलात? वायर काढताय? आणि लिहिणार काय — एकच कनेक्शन, एकच डबा, तक्रारीत तथ्य नाही? असं लिहिता येतं? वायर मात्र घेऊन जाणार... न्या, न्या, पिशवी देऊ? पुन्हा दिसली तर केस. कळलं. मी सांगते त्याला. हं, ओढा —

ऐका. ऐकलंत? ते मास्तर. ही शिंपीणबाईची कडी. आता जिना. पदर नीट आहे ना माझा?

या, या! अग बाई, तुमच्याकडचं चित्र गेलं का? हे कंपनीचे साहेब, वायर काढून घेतली त्यांनी. अरे वायरमन, घाबरू नकोस, नाव नाही लिहिलं कुणाचं, पण परत खोचलीस तर माझ्याशी गाठ आहे. कुणी कळवलं? देव जाणे! असतात मेले एकेक, दुसऱ्याचं बरं बघवत नाही! मास्तर, उशी आणलीत? मग जा, घेऊन या. आणि तू ग, वायरमनची बायको, पलंगावर, पाय वर कर बघू. सोफ्यावर दाबून बसू नका रे, वाट लावाल त्याची!

साहेब, निघा तुम्ही आता. नाही, दार ओढू नका. उघडंच असू दे, अजून बरेच जण यायचेत.