फाईल मी घेतो

बायकांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको नंबर लावून बसले होते.

"पाळी गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. परवा दूध उतू गेलं."

"दूध तुम्ही ठेवलं होतंत."

"पण लक्ष कोणी ठेवायचं?"

"हार्मोन्स कमी झाले की काही काळ नावं, शब्द निसटतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्यात. बहुतेकींचं पुढे सावरतं."

"तोवर माझ्या गोळ्या, माझ्या आईचा वाढदिवस कोण लक्षात ठेवणार? चल, नंबर आला. फाईल काढ."

"निघताना तुम्हीच म्हणालात ना, 'तू विसरशील, फाईल मी घेतो'?"

"अरेच्चा! चपला घालताना खाली ठेवली वाटतं."

"मग तुमची पाळी कधी गेली हो?"