कापलेला कोपरा आणि पालथ्या वाट्या

आदरणीय अध्यक्षा सुभद्राबाई, आपल्या मंडळाला रंगीत नक्षीचा अबरी कागद पुरवणारे आणि आज पाहुणे म्हणून आलेले लकडगंजचे व्यापारी चंपतरावजी, सत्कारमूर्ती शोभाताई, आणि चहाची वाट पाहत बसलेल्या माझ्या भगिनींनो,

शोभाताईंबद्दल गौरवपर बोल, असा मला हुकूम आहे. बोलते. पण गौरव करून घ्यायचा तर माणसानं थोडं तरी सरळ वागावं की नाही? आपल्या शुभेच्छापत्रांच्या विभागात कार्डाच्या घड्या त्या घालणार आणि लाकडी ठसे मी उमटवणार, अशी आमची वाटणी. चमच्याच्या पाठीनं घासून त्या घडी अशी बसवतात की कडेला कड लागलीच पाहिजे. मी चुकून एखादी घडी घातली, तर ती उलगडून परत माझ्याच पुढ्यात. हे सगळं मी वर्षानुवर्षं सोसलं. मैत्रीत सोसावंच लागतं.

पण गेल्या दिवाळीत बाईंच्या मनानं घेतलं की कार्डाचा कोपरा तिरपा कापायचा, म्हणजे आतला अबरी कागद बाहेर डोकावेल. आता कोपरा गेलेलं पत्र आपल्याकडे कशाचं असतं? ते मयताच्या खबरीचं असतं, हे लहान पोरीलाही ठाऊक आहे. मी हात जोडले. म्हटलं, "शोभाताई, हे अशुभ दिसते." तर म्हणतात, "फाडलेला थोडीच हाये वं? कैचीनं कापून राहिली मी. लोकायले डोळे नाहीत काय?"

लोकांना डोळे होते, म्हणूनच तर पुढचं घडलं. आपल्या रुख्मिणीबाईंनी, त्या तिसऱ्या रांगेत आहेत, हसू नका त्यांच्याकडे बघून, एक कार्ड पाकिटात न घालता बुकपोस्टानं कुहीला माहेरी पाठवलं. वडिलांनी अक्षर पाहिलं लेकीचं, आणि कोपरा गेलेला. उघडायची हिंमत कोण करणार? कार्ड ओसरीवरच टाकलं, जावई गेला असं धरून चालले, आणि सगळं घर रडत पहिल्या एसटीनं नागपूरला. इथं दार उघडलं जावईबापूंनी, अंगाला उटणं लावलेलं. सासूबाई त्यांना पाहून जास्तच रडल्या म्हणतात.

त्यावर मी एवढंच म्हटलं की, मी सांगितलं होतं. कोणीही म्हटलं असतं. तेव्हापासून शोभाताई माझ्याशी बोलत नाहीत. टेबल एक, खळीची वाटी एक, आणि मधे रुख्मिणीबाई. "यांना सांगा, खळ पातळ झाली." "त्यांना सांगा, शाई संपली." त्या बिचाऱ्या दोघींच्या मधे बसून दमल्या.

संक्रांतीला तर कहर झाला. मी तिळगुळाच्या वाटीचा ठसा नेहमीच्या घडीच्या हिशेबानं उमटवत गेले, यांनी घडी परस्पर फिरवली. प्रत्येक कार्डावर वाटी पालथी. पहिल्याच कार्डाला मला दिसलं, त्यांनाही दिसलं. पण आधी कोण बोलणार? संपूर्ण गठ्ठा आम्ही तसाच पुरा केला, अगदी नीटनेटका. सुभद्राबाईंनी विचारलं, काहून असं झालं, तर दोघी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आणि आता या बाई आज संध्याकाळच्या गाडीनं कायमच्या भिलाईला, लेकाकडे निघाल्या. शाल दिली, श्रीफळ दिलं, सगळ्यांना नमस्कार झाले. माझ्यापाशी आल्या आणि रुख्मिणीबाईंना म्हणाल्या, "यांना सांगा, येतो आम्ही." म्हणजे निरोपसुद्धा मधल्या माणसाकरवी?

मला राग आलेला आहे, तो मी लपवत नाही. पण त्याहून जास्त मला वाईट वाटतंय. उद्या त्या टेबलाशी मी एकटी बसणार. माझी वाकडी घडी उलगडून माझ्यापुढे कोण टाकणार? तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीनं या भरल्या सभेत विचारते. शोभाताई, तुम्ही माझ्याशी न बोलताच गाडीत बसणार आहात काय?

...काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

"देवकी, पुरे कर वं आता. माझं अर्धं सामान बांधाचं राहिलं हाये. तू नाही आली तं कोन बांधून देईन मले?"

ऐकलंत ना सगळ्यांनी? मलाच म्हणाल्या, सरळ मला. रुख्मिणीबाई, तुम्ही सुटलात.

पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. चहाला मी थांबत नाही, मला सामान बांधायला जायचं आहे.