आईच्या नावाचा रकाना

(सेमेय शहरातलं स्वयंपाकघर, दुपारच्या चहाची वेळ. म्हातारी बातिमा, तिची सून उलझान, आणि बातिमाने लेक म्हणून वाढवलेली काम्शात.)

काम्शात : लपवू नकोस तो कागद, दे इकडे! वहिनी, तुझी तपासणी होऊन तीन महिने झाले आणि मला आज कळतंय? तेही तुझ्या लेकाकडून, सान्झारकडून?

उलझान : आईंनीच सांगितलं होतं, तिला उगाच घाबरवू नकोस म्हणून.

बातिमा : बरं केलं सांगितलं! आधी चहा घे. बाउर्साक आत्ताच तळलेत, गरम आहेत.

काम्शात : चुलीत गेला तुझा चहा! ऐक, काय लिहिलंय. बीआरसीए-वन. डीएनए तुटला की तो सांधणारं प्रथिन. वहिनीच्या अंगात ते धड बनतच नाही, म्हणून तिला छातीचा कॅन्सर झाला. आणि खाली लिहिलंय, हा दोष मुलांत उतरू शकतो, सगळ्या मुलांना तपासायला आणा. सगळ्या!

उलझान : नेलं ना. दोघांना नेलं.

काम्शात : मुलं किती गं तुला, वहिनी?

बातिमा : काम्शात! जीभ आवर. थोरलं मूल आजी-आजोबांचं, ही आपली रीत. चाळीस दिवसांची होतीस, तेव्हा पदरात घेतलं मी तुला. तू माझी लेक आहेस.

काम्शात : आहेच. पण रक्त हिचं आलंय, त्याचं काय करू? गेल्या वर्षी छातीत बारीकशी गाठ लागली, तेव्हा दवाखान्यात फॉर्म दिला. आईचं नाव? बातिमा. आईला आजार? नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, साधी गाठ दिसते, वर्षाने या. वहिनीचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहाच महिने झाले होते! ह्याच हातांनी तिच्या पट्ट्या बदलल्या मी, आणि ह्याच हातांनी लिहिलं, आईला आजार नाही.

बातिमा : मग तूच लिहिलंस की! माझ्यावर कशाला ओरडतेस?

काम्शात : हो, मीच गाढव! सात वर्षांची असताना एकदा हिला आई म्हटलं, तर तू दोन दिवस जेवली नाहीस. विसरलीस? तेव्हापासून जीभच वळत नाही माझी.

उलझान : मी दाराआडून ऐकलं होतं ते. एकदाच म्हणालीस.

बातिमा : आता तूही सुरू झालीस?

उलझान : हो, झाले! एकतीस वर्षं तोंड शिवून बसले, आई. तीन महिने तो कागद उशीखाली घेऊन झोपले. आता बास. उद्या मी हिला घेऊन जाणार, आणि आई म्हणूनच जाणार.

बातिमा : माझ्या घरात राहून मलाच...

काम्शात : गाठ वाढलीये, आई.

बातिमा : काय?

काम्शात : वाढलीये. काल आंघोळ करताना कळलं. दवाखान्यातून नवा फॉर्मही आणलाय.

बातिमा : अगं बाई... अगं, मग इतका वेळ भांडत काय बसलीस! काढ तो फॉर्म. आईचं नाव कुठे लिहितात, इथे? उलझान असं लिही. लिही म्हणते ना!

काम्शात : लिहिलं.

बातिमा : आजारही लिही, नीट लिही. आणि उद्या मीही येणार. बाहेर बाकावर बसेन, मध्ये बोलणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, या कोण म्हणून, तर...

काम्शात : तर काय सांगू?

बातिमा : सांग, आजी.